शर्यतीतून सुटलेला ग्रेहाउंड घरी आणलाय? आधी त्याचा ओठ उचलून बघा

हरणीला, आमच्या ग्रेहाउंड कुत्रीला, आम्ही कागलकडच्या एका गावातून आणलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. तीन हंगाम जत्रेच्या माळावर पळाली, मग मागचा पाय दुखावला आणि गोठ्याच्या कडेला साखळीला बांधली गेली. मालक वाईट माणूस नव्हता. "घेऊन जावा ताई, हितं नुसती बसून असत्या," एवढंच म्हणाला, तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि मागं न बघता आत गेला. गाडीत ती माझ्या मांडीवर तोंड टाकून झोपली. कोल्हापूर येईपर्यंत मला काच उघडी ठेवावी लागली. अंगाला तिला वासच नव्हता, वास येत होता तो तोंडाला.

त्या वासाकडे मी तीन आठवडे दुर्लक्ष केलं. कुत्र्याच्या तोंडाला वास असतोच, असं घरी सगळ्यांनीच धरलं होतं. हरणी दोन्ही वेळचं खात होती, शेपटी हलवत होती, तक्रार काहीच नव्हती. पुढे भुलीखाली तिचे अकरा दात काढावे लागले. त्यातल्या दोन दातांच्या मुळाशी पू होता. एवढं दुखत असताना ती रोज जेवत होती. शर्यतीचा कुत्रा दुखणं सांगत नाही, ते आपल्याला हातानं आणि डोळ्यांनी शोधावं लागतं. नव्यानं असा कुत्रा आणणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी एक खुलासा. ट्रॅकवरून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडना घरं शोधून देण्याची पद्धत मूळची ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इकडची. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये या शर्यतींच्या विरोधात कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तिथले ट्रॅक थांबले. अशी हजारो कुत्री घरांत गेली, दवाखान्यांत आली, आणि या जातीचं रक्त, भूल, दात यांबद्दलची बरीचशी माहिती त्यातूनच जमली. आपल्याकडे ट्रॅक नाहीत. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मिळतो तो माळावर पळालेला ग्रेहाउंड, नाहीतर ग्रेहाउंड आणि मुधोळ किंवा कारवान या आपल्याकडच्या शिकारी जाती यांचं मिश्रण. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, पातळ कातडी असा बांधा असेल तर खालचं जवळपास सगळं त्यालाही लागू धरा. विशेषतः भुलीबद्दलचं.

पहिला आठवडा: फक्त हात लावा

आणल्या दिवशी आंघोळ घालू नका. गोठ्यातून, पत्र्याच्या शेडमधून आलेल्या जिवाला फरशी, पंखा, कुकरची शिट्टी, मिक्सर सगळंच नवं असतं. एका कोपऱ्यात दुहेरी गोधडी घाला. शहाबादीवर किंवा टाइल्सवर तो नुसता झोपला तर कोपरांना घट्टे पडतात आणि पुढे जखमा होतात, कारण त्याच्या हाडावर चरबीचं अस्तरच नसतं. झोपलेल्याला एकदम हात लावू नका, आधी हाक मारा. यातली काही कुत्री उघड्या डोळ्यांनी झोपतात आणि दचकून तोंड टाकतात. घरात लहान मुलं असतील तर हा नियम पहिल्या दिवसापासून.

मग रोज संध्याकाळी, तो शांत पडलेला असताना, नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवायचा. कानाच्या आत, कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधायच्या. पायांची हाडं वरून खाली दाबत जायचं आणि कुठे गरम किंवा सुजलेलं लागतंय का बघायचं. शेवटी ओठ. पहिल्या दिवशी नुसता ओठावर अंगठा ठेवायचा आणि काढायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओठ जरा वर उचलायचा. एवढं जमलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

हिरडीचा रंग ओळखायला शिका. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबून सोडली की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. फिकट, पांढरट किंवा पिवळी दिसली तर आठवडा पुरा होण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टर निवडणं

गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. ग्रेहाउंडसाठी मात्र लहान जनावरांची सवय असलेले डॉक्टर हवेत, आणि त्यांना पहिल्याच भेटीत काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. नळीतून गॅसची भूल देण्याची सोय आहे का? दातांचा एक्स-रे निघतो का? या बांध्याच्या कुत्र्याला त्यांनी आधी भूल दिली आहे का? "नाही" हे उत्तर आलं तर राग मानू नका. तेच डॉक्टर लसीकरण, गोचीड ताप, जखमा चांगल्या बघतील आणि दातांच्या मोठ्या कामाला दुसरीकडे पाठवतील. पुणे-बंगळूर रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड केस डॉक्टरांच्या चिठ्ठीनिशी तिथे दाखवता येते.

मालकानं "सगळी इंजेक्शनं झाल्यात" असं सांगितलं आणि कार्ड नसेल, तर काहीच झालेलं नाही असं धरा. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्यानं सुरू करा. लेप्टोस्पायरोसिसची लस कोल्हापुरात तरी टाळू नये. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलं आहे. हा आजार उंदरांच्या लघवीतून आणि साचलेल्या पाण्यातून पसरतो, माणसालाही होतो, आणि या लसीचा असर साधारण वर्षभरच टिकतो.

जंतांची गोळी द्याल, पण एका गोळीनं काम झालं असं समजू नका. एकत्र बांधलेल्या कुत्र्यांत अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, पक्के बसलेले असतात. अमेरिकेतल्या निवृत्त ग्रेहाउंडमध्ये तर नेहमीच्या औषधांना न जुमानणारे अंकुशकृमी सापडले आहेत. शी तपासून औषध द्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. शी काळपट, डांबरासारखी होत असेल तर ते आतून रक्त जात असल्याचं लक्षण आहे.

रक्ताचा रिपोर्ट वाचताना

इथे नव्या माणसाची मोठी फसगत होते. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेले आकडे सर्वसाधारण कुत्र्यांचे असतात. ग्रेहाउंडचं रक्त वेगळं आहे. त्यात लाल पेशींचं प्रमाण जास्त, साधारण ५० ते ६५ टक्के. इतर कुत्र्यांत ते ३७ ते ५५ च्या आसपास असतं. पांढऱ्या पेशी कमी. प्लेटलेट्सही कमी, अगदी धडधाकट ग्रेहाउंडमध्येही लाख-सव्वा लाख सापडतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बघायचा आकडा, थोडं वर, कारण अंगात स्नायू जास्त. थायरॉइडचा टी-४ हा आकडा बहुतेक वेळा खालच्या रेघेच्याही खाली. हे माहीत नसलं की चांगल्या कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होतात, किंवा "किडनीला सुरुवात झालीय" म्हणून घर काळजीत पडतं.

उलटी चूकही तेवढीच वाईट. "ग्रेहाउंडच्या प्लेटलेट्स कमीच असतात" म्हणून कागद बाजूला ठेवायचा आणि आत एर्लिकिया शांतपणे वाढत असायचा. आपल्या दमट हवेत गोचिडी बारा महिने असतात आणि गोचिडीतून येणारे एर्लिकिया, बबेसिया हे आजार प्लेटलेट्स आणि लाल पेशी खातात. म्हणून पहिल्या रक्ताबरोबरच गोचीड तापाची तपासणी करून घ्या, काचपट्टीवर रक्त बघायला सांगा. तो निरोगी आहे हे नक्की झाल्यावर एकदा पूर्ण रिपोर्ट काढा आणि जपून ठेवा. पुढे कधी आजारी पडला तर तुलना त्याच्या स्वतःच्या आकड्यांशी करायची.

गोचीड ताप निघालाच तर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतील. गोळी कोरडी गिळायला लावू नका, ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. घासात द्या आणि वर पाणी पाजा. आठव्या दिवशी कुत्रं पळायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. असं करू नका. कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, तो पुरा करा.

गोचिडी घालवायला गोठ्यातलं औषध आणून अंगावर फवारू नका. हे मी हात जोडून सांगते. जनावरांच्या हिशेबानं बनवलेलं, अंदाजानं पाण्यात कालवलेलं औषध या पातळ कातडीच्या, बिनचरबीच्या कुत्र्याला विषासारखं बाधू शकतं, आणि ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं तर त्याच्यापासून लांबच ठेवावीत. कुत्र्यांसाठी मिळणारी महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी, नाहीतर मानेवर सोडायचे थेंब, वजन करून आणि डॉक्टरांना विचारून घ्या. फिट येण्याचा इतिहास असेल तर गोळीआधी तो सांगायला विसरू नका.

आता तोंड

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. ओठ पुढून उचलला तर सुळे दिसतात आणि ते बऱ्यापैकी पांढरे असले की माणूस निर्धास्त होतो. मीही झाले होते. ओठाचा कोपरा मागे, गालाकडे ओढा. तिथे वरच्या बाजूला सगळ्यांत मोठा दात आहे, कात्रीसारखा चालणारा, तीन मुळांचा. लाळेच्या नळीचं तोंड त्याच्या जवळ उघडतं, म्हणून किटण सगळ्यांत आधी तिथे चढतं. हरणीचा तो दात दिसतच नव्हता. बोअरच्या पाण्याच्या बादलीला आतून चढतो तसा पिवळा-तपकिरी थर, वर हिरडीला लाल रेघ, आणि बोट लावलं तसं बोटाला रक्त.

ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रेहाउंडचा सगळ्यांत जास्त आढळलेला आजार दात-हिरड्यांचाच होता, सुमारे ३९ टक्के कुत्र्यांत. आपल्याकडे त्याचं कारण खुराकात दिसतं. शर्यतीच्या कुत्र्याला दूध, अंडी, खिमा, कालवलेलं पीठ असं मऊ, चिकट अन्न मिळतं. दात कोणी घासत नाही. दिवसाचे वीस तास बांधलेलं कुत्रं साखळी आणि जाळी चावतं, त्यात सुळे झिजतात आणि कधी तुकडे उडतात.

लक्षणं ही: वास, एकाच बाजूनं चावणं, घास तोंडातून पडणं, पाणी प्यायल्यावर भांड्यात तांबूस धागा, पंजानं तोंड घासणं, आणि डोळ्याच्या खाली अचानक आलेली सूज. ही शेवटची लोक गांधीलमाशी चावली म्हणून सोडून देतात. बहुतेकदा ती त्या तीन मुळांच्या दाताची पुळी असते.

घरगुती उपायांत शेजारच्या आजींनी मला मनापासून "मिसरी चोळ, हिरड्या आवळतील" असं सांगितलं होतं. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. कुत्र्यासाठी ते विष आहे. मीठ, खाण्याचा सोडा, कोळसा यांनीही चढलेलं किटण निघत नाही, हिरडी मात्र सोलते. आणि कुत्र्याला घट्ट धरून जागेपणी लोखंडी हत्यारानं दात खरवडून देणारे लोक असतात, त्यांच्याकडे जाऊ नका. वरचं पांढरं होतं, फोटो छान येतो. खरा आजार हिरडीच्या खाली असतो आणि तो तिथेच राहतो.

भुलीच्या दिवसाआधी

नीट साफसफाई भुलीखालीच होते. ग्रेहाउंडची भूल ही त्याच्या पूर्ण आयुष्यातली सगळ्यांत जपून करायची गोष्ट आहे.

थायोपेंटोनसारखी जुनी भूल इतर कुत्र्यांच्या अंगातून आधी चरबीत पसरते, मग यकृत ती मोडतं. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी नाही आणि त्याचं यकृत ही औषधं फार सावकाश मोडतं. मग कुत्रं तासन्‌तास उठत नाही. हे औषध त्याला नको, असं डॉक्टरांना आधीच सांगा. जाणत्या डॉक्टरांना ते माहीत असतंच, पण सांगितल्यानं कोणाचा अपमान होत नाही. बेतानं दिलेलं शामक, हळूहळू दिलेलं इंजेक्शन आणि मग गॅस, अशी पद्धत त्याला मानवते. शिवाय त्याचं अंग टेबलावर झपाट्यानं गार पडतं. मी गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून आणि सासूबाईंची लोकरी शाल घेऊन गेले होते. दोन्ही वापरल्या गेल्या.

गोचीड तापाचा कोर्स चालू असेल किंवा प्लेटलेट्स त्याच्या नेहमीच्या आकड्याहून खाली असतील, तर दात थांबवा. खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि तो वाढू शकतो हे गृहीत धरा. किती दात जातील हे किटण काढून, मुळं तपासून, एक्स-रे बघूनच कळतं.

"दात काढले तर खाणार कसा?" हा प्रश्न घरात येणारच. हलणाऱ्या, पू झालेल्या दातांनी तो आत्ताही खात नाहीये, गिळतोय. अकरा दात गेल्यावर दहाव्या दिवशी हरणीनं उशी पळवून अंगणात ओढत नेली. पाच वर्षांत ती खेळताना कोणी पाहिली असेल असं मला वाटत नाही.

नंतरचे चार दिवस

आमच्याकडे हे असं झालं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी तिनं मऊ भात आणि कोंबडीचं पाणी खाल्लं. तिसऱ्या रात्री दोनला मला जाग आली ती जीभ चाटण्याच्या आवाजानं. दिवा लावला तर गोधडीवर तळहाताएवढा लाल डाग आणि तोंडातून रक्ताची तार. पायाला जिथे सलाईन लावलं होतं ती जागा आणि गळ्याखालची कातडी काळी-निळी पडलेली. डॉक्टर रात्रीच आले. त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस चालू ठेवलं, आणि रक्त थांबलं.

तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. ग्रेहाउंडमध्ये शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गाठ बरोबर धरते, पण काहींमध्ये ती शरीर स्वतःच लवकर विरघळवून टाकतं. त्यामुळे रक्त लगेच येत नाही, दीड-दोन दिवसांनी सुरू होतं, सगळं ठीक आहे म्हणून आपण बेफिकीर झाल्यावर. नसबंदीनंतर, पायाच्या ऑपरेशननंतरही हेच होऊ शकतं. म्हणून दात काढायचे असतील तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आधीपासून द्यायचं का, हा प्रश्न डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी विचारा. चार दिवस घरी कोणीतरी राहील असं बघा. रोज सकाळ-संध्याकाळ हिरडी, पोटाची आणि मांडीच्या आतली कातडी उजेडात तपासा. नवा निळा डाग दिसला की फोन.

दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेलंच औषध द्यायचं. घरातली पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतलं काहीही, अर्धी गोळीसुद्धा नाही.

घरचा ब्रश

साफ केलेल्या दातावर काही तासांत पुन्हा चिकट थर बसतो आणि एक ते तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी तो दगड व्हायला लागतो. थर ब्रशनं निघतो, दगड निघत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा जोर लावून घासण्यापेक्षा रोजचं अर्धं मिनिट कामाचं.

जखमा भरल्या असं डॉक्टरांनी सांगितल्यावर सुरुवात करा. लहान मुलांचा सगळ्यांत मऊ ब्रश चालतो. पेस्ट कुत्र्यांसाठीचीच हवी. आपली पेस्ट तो थुंकू शकत नाही, त्यात फ्लोराइड असतं आणि काहींमध्ये झायलिटॉल असतं, जे कुत्र्याची साखर एकदम खाली आणतं आणि यकृत निकामी करतं. पहिला आठवडा पेस्ट नुसती बोटावरून चाटवा. दुसऱ्या आठवड्यात तेच बोट ओठाच्या आत, मोठ्या दातावर. तिसऱ्यात ब्रश, एका बाजूचे तीन-चार दात, बास. महिनाभरात दोन्ही बाजू होतात.

तोंड उघडायची गरज नाही. त्याच्या समोर नाही तर शेजारी बसा, एका हातानं हनुवटीखाली आधार द्या, त्याच हाताच्या अंगठ्यानं ओठ मागे सरकवा, आणि ब्रश हिरडीच्या रेघेवर तिरका धरून लहान गोल फिरवा. बाहेरची बाजू झाली की पुरे, आतली बरीचशी जिभेनं साफ राहते. कुरकुरला की तिथे थांबा, उद्या पुन्हा. आमची वेळ रात्रीच्या बातम्यांची आहे. हरणी आता त्या आवाजावर स्वतः येऊन बसते.

डॉक्टर क्लोरहेक्झिडिनची जंतुनाशक जेल देतात, ती सांगतील तेवढेच दिवस.

हाडं, रस्सा आणि गूळ

कोल्हापुरात कुत्रं पाळायचं आणि मटणाचं हाड द्यायचं नाही, हे पाहुण्यांना पटवणं अवघड जातं. तरी पटवा. शिजलेलं हाड फुटून टोकदार तुकडे होतात, आणि नळी तर त्याच तीन मुळांच्या दाताची फाक उडवते. चावायच्या कोणत्याही वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं नाही तर ती दाताला जड आहे. तांबडा-पांढरा रस्सा कांदा-लसणामुळे नको, द्राक्षं-बेदाणे अजिबात नको. गुळाचा खडा विष नाही, पण दाताला चिकटून बसतो, म्हणून तोही नको.

छाती खोल असल्यानं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. जेवण दोन वेळा विभागून द्या, आणि आधी-नंतर तासभर पळापळ नको. पोट ताणलेलं, नुसतीच कोरडी उलटी होतेय, अस्वस्थ फेऱ्या मारतोय, असं दिसलं तर ओवा-हिंग करत बसू नका. त्यात मिनिटांचा हिशेब असतो.

वजनाबद्दल रस्त्यावरचं प्रत्येक माणूस बोलेल. रंकाळ्यावर मला दर आठवड्याला कोणीतरी "उपाशी ठेवता काय ओ बिचारीला?" असं विचारतं. शेवटच्या दोन-तीन फासळ्या हलक्या दिसणं या जातीत बरोबर आहे. शर्यतीच्या वजनापेक्षा दोनेक किलो वाढलं तर छान, त्याहून जास्त भार जुन्या दुखापतींवर पडतो.

ऊन-पाऊस

एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य गेल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, सोसवत नसेल तर पंजालाही सोसवणार नाही. हा कुत्रा एका धावेत प्रचंड उष्णता तयार करतो. धाप थांबत नसेल, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर आधी सावलीत साधं पाणी अंगभर ओता, वारा घाला, मग गाडी काढा. पावसाळ्यात आणि थंडीत अंगावर झूल हवी. आम्ही जुन्या चादरीची शिवून घेतली आहे.

पाय

लंगडणं दोन प्रकारांत बघा. डांबरावर लंगडतो आणि मातीत नीट चालतो, असं असेल तर पंजा उलटा करून गादीवर गोल, कडक ठिपका शोधा. ते कुरूप आहे, ग्रेहाउंडमध्ये नेहमीचं. ते घरी ब्लेडनं कापू नका.

मऊ जमिनीवरही लंगडतोय आणि विश्रांतीनं आठ-दहा दिवसांत कमी होत नाही, तर एक्स-रे काढा. जुनं फ्रॅक्चर निघेल, संधिवात निघेल. पण या जातीत हाडाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे, विशेषतः वय वाढल्यावर, खांद्याजवळ, मनगटाच्या वर किंवा गुडघ्याच्या आसपास. "पळणारा होता, जुनी लचक असेल" म्हणत गेलेले दोन महिने परत येत नाहीत. रोज हाडांवरून हात फिरवायला सांगितलं ते यासाठीच.

फाइलच्या पहिल्या पानावर

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि फाइलच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा: ग्रेहाउंड आहे. थायोपेंटोन नको. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तस्राव होऊ शकतो. निरोगी असतानाची लाल पेशींची टक्केवारी, प्लेटलेट्स, क्रिएटिनिन, टी-४, आणि तारीख. आजचं वजन. शेवटचा दात तपासल्याचा महिना.

तुम्ही गावी असाल, कुत्रा शेजाऱ्यांकडे असेल, आणि रात्री अनोळखी दवाखान्यात न्यावं लागलं तर बोलायचं काम हा कागद करेल. हरणीची फाइल फ्रिजच्या वर असते. समोरच्या काकींना ती कुठे आहे ते माहीत आहे. दर सहा महिन्यांनी डॉक्टर तिचा ओठ मागे ओढून बघतात आणि त्याच पानावर तारीख टाकतात.